वाटीत उरलेला चिंचोका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय गणपतरावजी, सत्कारमूर्ती डॉक्टर शरच्चंद्र पांढरीपांडे साहेब, मंचावर विराजमान असलेल्या आपल्या दवाखान्याच्या नव्या डॉक्टर दामिनी मॅडम, माझे सोबती आणि आपापली कुत्री-मांजरं घरी ठेवून इथे जमलेल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना अंजनाबाईचा सादर नमस्कार.

एवढं माझ्या नातीनं, वेदिकानं, लिहून दिलं. खाली अजून दोन पानं आहेत, त्यात साहेबाले तीनदा देवमाणूस म्हटलं आहे. ते राहू द्या. मी दुसरीपर्यंत शिकली, पुढचं माझ्या अकलेनं बोलते.

साहेब उद्या पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चालले. चांगलं आहे. हात सोन्याचा आहे त्यांचा, चौदा वर्षं ऑपरेशनच्या खोलीत उभी राहून पाहिला मी. मोटारीखाली आलेलं, मांज्यात गुंतलेलं, सेफ्टीपिन गिळलेलं, काय नाही आलं आपल्या प्रताप नगरात? सुरुवातीले त्यातले किती तर ऑपरेशन चांगलं होऊनही मरून जात. काहून? घाई. घाईत जनावर थंड पडे, कोणाचं लक्ष नसे. मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाजूले ठेवायले लागली, तेव्हापासून थोडे जास्त घरी जाऊ लागले. मग एकदा एका मांजरीच्या पोटात रक्त टिपायची पट्टी राहून गेली, अन् मांजर गेली. त्या दिवशी साहेबांनी मले बोलावलं.

“मावशी, पोटात जाणारी प्रत्येक पट्टी तुम्ही मोजायची. तुम्ही थांबा म्हटलं, तर मी टाक्याची सुई उचलणार नाही. शब्द आहे माझा.”

पट्ट्या सारख्या आत-बाहेर होतात, तोंडी हिशेब राहत नाही. मी घरून दोन वाट्या अन् चिंचोके आणले. पट्टी आत गेली की चिंचोका उजव्या वाटीत, बाहेर आली की परत डावीत. उजवी रिकामी, तरच टाके. सहा वर्षं एक पट्टी आत राहिली नाही. पाहुणे आले की साहेब दाखवत, “ही आमच्या मावशीची पद्धत.” भाषणात वाट्यांचा फोटोही लावत. माझा नाही लावला. वाट्या घासलेल्या होत्या, बऱ्या दिसत असतील.

मागच्या संक्रांतीनंतर काटोलहून संघपाल त्याची कुत्री घेऊन आला, जिलेबी. संत्र्याच्या गाडीचा धक्का लागून पोटात रक्त सुटलं होतं. रक्तात भिजली की पट्टी मांसासारखीच दिसते. साहेबांनी सुई मागितली, तेव्हा उजव्या वाटीत एक चिंचोका होता.

“साहेब, थांबा. एक आत आहे.”

“नाही मावशी, सगळ्या निघाल्या.”

“वाटी ‘नाही’ म्हणून राहिली.”

“चिंचोक्याचं राहू द्या आता! श्वास मंदावतोय तिचा.”

अन् टाके घातले. त्याचा राग नाही मले. जीवच चालला तर आधी पोट बंद करावं लागते, मग पाहावं. पण मग पाहिलं का? दोन दिवस वाटी दाखवली मी. “हो, हो,” म्हणाले.

नवव्या दिवशी जिलेबी तापानं फणफणून परत आली. पोट पुन्हा उघडलं, आत पट्टी निघाली. वाचली ती, तेही साहेबांच्याच हातानं. बाहेर संघपालनं विचारलं, “असं काहून झालं, साहेब?” मी दारामागं पोछा मारून राहिली होती. साहेब म्हणाले, “आमच्या बाई शिकलेल्या नाहीत हो. मोजण्यात चुकल्या.”

मावशीची बाई कधी झाली, मले समजलंच नाही.

संघपालनं आत डोकावून पाहिलं. “आजी, जीव होता तो,” एवढंच बोलला. तो गेल्यावर साहेब म्हणाले, “मावशी, दवाखान्याचं नाव गेलं असतं. मी नंतर सांगतो त्याला.” ते नंतर अजून उगवलं नाही, अन् उद्या साहेबांची गाडी आहे.

तेव्हापासून विक्की कंपाउंडर माझ्यामागून पुन्हा मोजते. मी थांबा म्हटलं तर सगळे आधी त्याच्याकडे पाहतात. आता सांगा, मले बाई म्हटल्यानं मी मरत नाही. पण माझं ‘थांबा’ मेलं, तर टेबलावरचं जनावर मरते की नाही?

संघपाल, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. नीट ऐक गा, मी बरोबर मोजलं होतं. साहेब, मान वर करा, फोटो काढून राहिले.

दामिनी मॅडम, ह्या वाट्या आता तुमच्या. निवांत ऑपरेशनात कोणीही मोजते. घाईत मोजाल, तर जनावर घरी जाईल. त्यातला हा एक चिंचोका मात्र साहेबांचा. मी सांभाळून ठेवला होता. शाल-श्रीफळासोबत पुण्याले न्या. तिथंही कोणी मोजणारी असेल. तिनं थांबा म्हटलं, तर थांबा.

अध्यक्ष साहेब, पाच मिनिटं दिली होती, जास्त घेतली. ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर माफ करा. मोजण्यात झालं नव्हतं.