पाठक सरांनी लिहिलेलं पत्र

लिहा मंग. मी सारंगखेड्याचा, तापीकाठचा, आम्ही गुजर, घरी केळी न् कापूस, आणि देवानं माझ्या एका गळ्यात दहा माणसं बसवली. घोडेबाजारातला दलाल म्हणा, तलाठी म्हणा, आमच्या आबाचा सकाळचा खोकला म्हणा, एकदा ऐकलं की झालं. दुपारी केळीच्या सावलीत पडलो की मी एकेकाला बोलवायचो न् ते यायचे, अर्धे झोपेत, अर्धे जागेपणी, वर पानं हलायची न् वाटायचं सगळं गाव माझ्याच पोटात राहतंय.

हायस्कुलात पाठक सर गणिताला. पुण्याकडचे, शब्दाला इस्त्री करून मगच बाहेर सोडायचे. त्यांचं घर शाळेला लागूनच. एका दिवशी सर वर्गावर गेले न् मी अजून बाहेरच, तर त्यांच्या घराच्या खिडकीखालून त्यांच्याच आवाजात काकूंना म्हटलं, अगं, माझा चष्मा सापडत नाही, जरा बघतेस का. म्हटलं न् गुपचूप वर्गात जाऊन बसलो. काकूंनी बिचाऱ्यांनी डबे काढले, गाद्या उलट्या केल्या, शेवटी रडवेल्या होऊन वर्गाच्या दारात आल्या, म्हणे नाही हो सापडत, आणि सर उभे फळ्यापाशी, चष्मा नाकावर. सगळा वर्ग हसला, मी एकटाच हसलो नाही, म्हणून सापडलो. सर फळ्याकडे वळले न् गणित पुढं चालू. वर्षभर त्यावर एक शब्द नाही. काय सांगू तुम्हाले, छडी बरी.

मॅट्रिक झालो. धुळ्याला कॉलेज. आबा म्हणे, बोर्डिंगमा जागा भेटनी तं जाय, नही तं केळीस्ले पानी दे. आणि बोर्डिंगला पायजे शिक्षकाचं पत्र, पोरगा कसा आहे ते लिहिलेलं, आणि आमचे वर्गशिक्षक कोण, तर पाठक सर. गेलो. सर ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. माझं ऐकून घेतलं न् म्हणाले, आधी माझी नक्कल कर. केली. सर डोळे मिटून ऐकत राहिले, कुणाच्या तरी वावरातला कापूस हवेत तरंगत होता, मला वाटलं मी बोलतच नाही, कुणी दुसरंच बोलतंय. मंग सर हळूच म्हणाले, असेच बोलायचे रे माझे वडील. पुन्हा एकदा म्हण. पुन्हा म्हटलं. तसे उठून आत गेले न् बंद पाकीट घेऊन आले.

नावेतून तापी ओलांडली तं पाकीट छातीशी, पाणी संथ, नाव हलतेय का नदी तेच कळेना. यात काय लिहिलं असेल? चष्मा लिहिला असेल?

बोर्डिंगच्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं. हा मुलगा माझी नक्कल करतो. ती मी स्वतः ऐकली आहे. त्यासाठी त्याने वर्षभर माझ्याकडे जितके लक्ष दिले, तितके मला आजवर कोणीही दिलेले नाही. याला जागा द्यावी.

दिली जागा.

दिवाळीत मायनं केळीचा घड दिला, म्हणे जाय, सरस्ले देय. पण तोंडानं काय बोलायचं? आमच्यात आपल्या माणसाचे आभार कोणी मानत नाही, ते सभेत मानतात. वाटेनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं तं माझ्या तोंडून तलाठी म्हणाला, दलाल म्हणाला, हेडमास्तर म्हणाले, मी काही म्हणेना. काकूंनी घड घेतला, चष्म्याचं नावही काढलं नाही. मी सरांसमोर उभा, आणि दहाही माणसं पळून गेलेली. मंग जे निघालं ते घरातलं निघालं, सर, तुमनामुये मन्हं काम व्हयनं, म्हणजे तुमच्यामुळे माझं काम झालं.

सरांनी घसा साफ केला न् पुस्तकातला धडा वाचावा तसे सावकाश म्हणाले, भाऊ, तू जेवीसन जाय.

आमचीच बोली हो, पण पुण्याची इस्त्री मारलेली. काकू आतून खो खो हसल्या. मी जेवलो.

आता मी नवापूरला मास्तर आहे, पोरं मागे माझी नक्कल करतात, बरी करतात. सर तिकडे पुण्याकडे आहेत. कागद येतो, शेवटी एक ओळ आमच्या बोलीत असते, आणि ती दर वेळी चुकलेली असते. देव त्यांना शंभर वर्षं देवो, चुकू दे.