केस धुणारे हात

हॅलो?... हं, बोल चिमे... अगं, पार्लर नुसतं भरलंय, दोन्ही खुर्च्यांवर बायका... थांब, मागच्या खोलीत येते... हं, बोल.

कामावरून काढून कुठे टाकलंय? असं कोण म्हणालं?... नुसतं म्हटलं, थोडे दिवस घरी राहा... थोडे म्हणजे थोडे! आता तारीख काय सांगू?... अगं ऐक ना... ऐक तर!

त्या बँकेतल्या बाई आहेत ना... हो, त्याच. बेसिनवर मान टाकली की डोळे मिटून पडायच्या, म्हणायच्या, काय छान हात आहे हिचा... माहितीये गं, तुझ्याशिवाय कोणाकडून केस धुऊन घ्यायच्या नाहीत. पण परवा नेमके डोळे उघडले. बाकीच्या मुली उघड्या हातांनी धुतायत आणि तुझ्याच हातांत रबरी हातमोजे. मग मनगटावरचा पांढरा डाग दिसला.

सांगितलं की मी! लपवते कशाला? म्हटलं, बहीण आहे माझी, कोड आहे, कोणाला लागत नाही, डॉक्टरांनी दहादा सांगितलंय... तर म्हणतात कशा, लागत नाही तर हातमोजे कशाला? टॉवेल वेगळे कशाला?

आणि दुकानभर ऐकू गेलं ते. आजच्या तिघींनी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं... हो गं बाई, मीच आणले हातमोजे. टॉवेलही मीच वेगळे काढले. तुझ्या भल्यासाठीच ना? लोकांना बरं वाटावं म्हणून...

उघड्या हातांनी? आता? आता कोण मान देणार तुझ्या हातात?... अगं, मी कुठे म्हणतेय? लोक म्हणतायत! माझ्या मनात काही असतं तर तुला कामावर घेतलं असतं का? सख्खी बहीण आहेस माझी. एका अंथरुणात झोपलोय आपण...

काय?... माझे केस? तू धुणार?

उद्या? सगळ्यांसमोर?... अगं, कालच धुतलेत मी... घरी नाही, इथेच. त्या नवीन मुलीनं धुतले... मोकळी होती ती, म्हणून. त्यात काय एवढं?

बरं, मागच्या आठवड्यातही तिनेच... रडतेस कशाला?... कधीपासून म्हणजे? हे बघ चिमे, आता असं उकरत बसू नकोस... नाही, डाग आले तेव्हापासून असं काही नाही... तसं काही ठरवून नव्हतं गं...

हो. नाही घेतले. तुझ्याकडून नाही घेतले धुऊन.

भीती वाटली मला. बस? ऐकलंस?... मला कळतं गं, लागत नाही ते. कळतं. तरी वाटली...

चिमे?... अगं, बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर... हॅलो?

हॅलो?

ठेवला.