वारा पडेपर्यंत

बाहेर: भावजी, नळ बंद करा. पाण्याच्या आवाजात तुमचा आवाज येत नाही.

आत: मी बोलतच नाहीये, वहिनी.

बाहेर: तेच म्हणतेय. बोला. शिव्या घातल्यात तरी चालेल, आवाज येऊ द्या.

आत: हात धुतोय.

बाहेर: इतका वेळ? कातडी तरी शिल्लक ठेवा. आणि कामावरचे बूट घालून बाथरूममध्ये? फरशीभर चिखल केलात. काय झालं कामावर?

आत: काही नाही.

बाहेर: तुमचं ‘काही नाही’ मी ओळखते.

आत: दादा कुठेय?

बाहेर: आतल्या खोलीत. पाठ चिरून घेतलेला माणूस कुठे जाणार? आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू?

आत: नको.

बाहेर: छकुली कडेवर आहे माझ्या. दारावर थापा मारतेय काकासाठी. ऐकू येतंय?

आत: येतंय.

बाहेर: नळ बंद केलात, बरं केलंत. आता हा कसला आवाज?

आत: कसला?

बाहेर: घासल्यासारखा. भावजी, फ्लशच्या टाकीचं झाकण काढलंत?

आत: —

बाहेर: हे बघा, मी घाबरलेय. लपवत नाही. तुम्ही गप्प बसलात की मला मागचं सगळं दिसायला लागतं.

आत: यात गोळ्या आहेत, वहिनी. पिशवीत बांधून ठेवलेल्या. दादाच्या?

बाहेर: ऑपरेशननंतरच्या. दुखणं थांबायच्या. मी म्हणत होते, माझ्या कपाटात कुलपात ठेवू. तर हे म्हणाले, कुलूप दिसलं की त्याला कळेल. त्याच्याच जुन्या जागी ठेवतो, तिथे तो आता मेला तरी हात घालायचा नाही.

आत: दादा हुशार.

बाहेर: तुमच्या घरात हुशारी उतू चाललीय.

आत: मी शोधायला आलो नव्हतो. खरंच. हात धुवायला आलो. मग बघतो तर झाकण हातात. कधी उचललं, माहीत नाही. गोळ्या सोडल्यापासून त्या टाकीकडे मी धड बघितलंही नव्हतं. हातांनी परस्पर ठरवलं. मला विचारलंच नाही.

बाहेर: पिशवी खाली ठेवा आणि आधी कामावरचं सांगा.

आत: सळयांचा गठ्ठा सोडत होतो. वर वारा सुटला. क्रेनच्या केबिनमध्ये आधी कळतं ते, खाली कुणालाच पत्ता नसतो. गठ्ठा फिरायला लागला. खालून मला हातानं खुणा करतो त्या सिग्नलवाल्याचं तोंड दुसरीकडे, कुणाशी तरी बोलत होता. भोंगा दिला. त्याला कळलाच नाही. आणि मी, मी बघत बसलो. हात दांड्यावर, आणि नुसता बघत बसलो.

बाहेर: मग?

आत: झाडू मारणारी एक बाई होती. तिनं दोन्ही हात आडवे पसरले. तेव्हा थांबवलं. सळया त्याच्या हेल्मेटच्या वर डुलत राहिल्या, हात लावता येईल इतक्या जवळ.

बाहेर: म्हणजे वाचला.

आत: वाचला. वर बघून हसला मला. आणि तेव्हा माझं सुरू झालं. घाम, आणि ती जुनी ओढ.

बाहेर: पण झाडूवालीचं ऐकलंत कसं? तुम्ही तर म्हणता, ऐकायचं ते एका सिग्नलवाल्याचंच.

आत: उचल, फिरव, सोड, हे त्या एकट्याचंच ऐकायचं. ‘थांब’ कुणाचंही. रस्त्यावरच्या माणसानं हात पसरले तरी. का म्हणून विचारायचं नाही. आधी थांबायचं.

बाहेर: चांगला नियम आहे. घरातही लावायला हवा.

आत: वहिनी, तोंडाला पाणी सुटलंय माझ्या. नुसती पिशवी बघून. आणि मला आवडत नाहीत या. शेवटी शेवटी मजाही येत नव्हती. आवडत नाहीत, पण हव्या आहेत. हे काय आहे?

बाहेर: तुमच्या गोळ्या सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना. आवडणं वेगळं, हवं असणं वेगळं. डोक्यात दोन वाटा. गोळ्यांनी एक बुजवली आणि दुसरी एवढी रुंद केली की जीव घाबरला, ताण आला की डोकं आपसूक तिकडेच वळतं. तुम्ही नाही वळत, ते वळतं.

आत: फार लक्ष देऊन ऐकलंस.

बाहेर: तुम्ही खुर्चीत घोरत होतात. कुणीतरी ऐकायला हवं.

आत: बुजलेली वाट परत मोकळी होते म्हणाल्या का?

बाहेर: होते म्हणाल्या. वेळ लागतो.

आत: नाही होत. छकुली पहिल्यांदा चालत माझ्याकडे आली त्या दिवशी, तुम्ही सगळे टाळ्या पिटत होतात. मीही पिटल्या. आत काही नव्हतं, वहिनी. भिंतीकडे बघावं तसं. मी तिच्याकडे बघून हसलो आणि मला माझीच भीती वाटली.

बाहेर: —

आत: आता तू का गप्प?

बाहेर: मला माहीत होतं.

आत: काय?

बाहेर: सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तुम्ही वाजवतच होतात. कधी थांबायचं ते कळत नव्हतं तुम्हाला.

आत: मग बोलली का नाहीस?

बाहेर: काय बोलू? खोटं का हसलात म्हणून? त्या आधी गुडघ्यावर बसून हात पुढे धरले होते तुम्ही. तेही मी बघितलं होतं.

आत: पूर्वी मूठभर घ्यायचो मी. एका वेळी.

बाहेर: ते पूर्वी. भावजी, नीट ऐका. शरीराची सवय गेलीय, डोक्याला मात्र जुनीच मूठ आठवते. आता तेवढ्या घेतल्या तर श्वास थांबतो. हेही तुम्ही घोरत असतानाच सांगितलं त्यांनी. गेल्या वेळी ओठ निळे पडले होते तुमचे. यांनी लाथ घालून कडी तोडली. आता यांना धड वाकता येत नाही, आणि नवी कडी यांनीच जाडजूड बसवलीय. मी धडका देऊन हे दार तुटणार नाही. कळतंय का?

आत: मूठ भरलीय, वहिनी. भरलेलीही मला आत्ताच कळली.

बाहेर: तोंडाजवळ आहे?

आत: येतेय. सावकाश येतेय.

बाहेर: दाराच्या वरच्या काचेकडे बघा. थांबा, हिला खाली ठेवते. बस गं राणी, बस इथे. बघताय?

आत: ती रडतेय.

बाहेर: रडू दे. काचेकडे बघा. काय दिसतं?

आत: सावली. तुझी.

बाहेर: काय करतेय सावली, भावजी?

आत: दोन्ही हात आडवे.

बाहेर: मग?

आत: तू कुठे सिग्नलवाली आहेस?

बाहेर: नाहीच. मला क्रेनमधलं ओ की ठो कळत नाही. पण का म्हणून विचारायचं नाही, आत्ता तुम्हीच म्हणालात.

आत: —

बाहेर: थांबलात का? मला आतलं दिसत नाही. तुम्ही थांबलात हे खालच्याला कळतं कसं?

आत: भोंगा देतो.

बाहेर: द्या मग.

आत: कशानं देऊ?

बाहेर: तोंडानं द्या. इथे मी आणि छकुलीच आहोत, कोण हसणार आहे?

आत: पों.

बाहेर: हा क्रेनचा भोंगा? मला वाटलं सायकल आली.

आत: थांबलोय, वहिनी. हात थांबलाय. पण मूठ उघडत नाही.

बाहेर: घाई नाही. लोड असा हवेत अडकला की वर तुम्ही काय करता?

आत: वारा पडायची वाट बघतो.

बाहेर: आणि खालचा?

आत: हात तसेच धरून उभा राहतो. मला दिसत राहावेत म्हणून.

बाहेर: वारा पडेपर्यंत?

आत: वारा पडेपर्यंत.

बाहेर: बरं. तुमच्या पुतणीला दिवसभर उचलून खांदे घट्ट झालेत, निभेल.

आत: थरथरतायत तुझे हात. काचेवर दिसतंय.

बाहेर: भीतीनं. दुखत नाहीयेत अजून.

आत: मला पण वाटतेय. भीती. दुसरं काही वाटत नाही, ही मात्र वाटते.

बाहेर: मग दोघं मिळून घाबरू. चालेल?

आत: —

बाहेर: भावजी? तो पाण्याचा आवाज कसला?

आत: खाली सोडल्या. फ्लश केला.

बाहेर: सगळ्या?

आत: एक राहिलीय. चिकटून राहिली म्हणणार होतो. नाही. ठेवलीय. ही सुटत नाही माझ्याच्यानं. दार उघडतो, तू काढून घे. मी देणार नाही, आधीच सांगतो. हिसकावून घे.

बाहेर: घेईन. वेळ पडली तर चावेन.

आत: दादाचं रात्री दुखेल.

बाहेर: दुखेल. तुमच्या नावानं ओरडतील, मग झोपतील. उघडा.

आत: छकुलीला बाजूला घे आधी.

बाहेर: माझे हात आडवेच आहेत. ती दाराला पाठ लावून बसलीय. दार तुमच्या बाजूला उघडतं, ती मागच्या मागे पडेल. हळू उघडा.

(कडी निघते. आता दोघंही बाहेर.)

बाहेर: धरली. धरली, वहिनी. डोकं नाही आपटलं.

बाहेर: बघितलं मी. गोळी द्या.

बाहेर: हातात होती. कुठे गेली?

बाहेर: दोन्ही हातांनी धरलंत ना तिला. माझ्या चपलेखाली आहे. खाली बघू नका, भावजी. तिच्याकडे बघा.

बाहेर: बघतोय. काही वाटत नाही, वहिनी. अजूनही. नुसती जड लागतेय. आणि नाक पुसतेय माझ्या शर्टाला.

बाहेर: पुसू दे. शर्ट तसाही धुवायचाच होता.

बाहेर: हात खाली घे ना आता.

बाहेर: वारा आहे अजून.