तपासणीआधीची गोळी

आपल्या नंबरची वाट बघून कंटाळलेल्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या बाकावरच्या नवराबायकोकडे लागले होते.

"सारखा पाय हलवू नकोस गं."

"सोनोग्राफीत खडा दिसला नाही. ह्यातही काही निघालं नाही तर?"

"ह्यात पित्ताशय नीट आकसतं का ते बघतात."

"आणि आकसलं तर? तुमच्या आई म्हणणारच, जेवण झालं की हिची नाटकं सुरू."

"मनावर घेऊ नकोस."

"सहा महिने बरगडीखाली दुखतंय, मनावर नाही!"

तेवढ्यात नर्स आली.

"उपाशी आहात ना? दुखण्याची गोळी घेतली नाही ना?"

"घेतली."

"मग आज तपासणी होणार नाही. त्या गोळीनं पित्ताशय नीट आकसतं का ते कळत नाही."

"अगं, काल बजावलं होतं ना त्यांनी! कशाला घेतलीस?"

"सकाळी कळ आली, तेव्हा आईंनी स्वतःहून दिली. पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या हो. नाही कसं म्हणू?"