कांचळीचे रुपये

धुरपताबाई : नोटा बंद झाल्या तवा रेडिओवर म्या सोता आयकलं ताई. नाण्यायचं नाव बी नाही घेतलं कोणी. मंग हे रुपये कायले नाही चालत?

शुभदा : मावशी, तुमच्या नोटांना मी कुठं नाही म्हटलं? नोटा चालतात. ही नाणी मात्र मला घेता यायची नाहीत.

धुरपताबाई : वाघ हायेत ना याच्यावर? सरकारचा शिक्का हाये. माहा बाप म्हणे, शिक्क्याले नाही म्हणणारा दुकानदार अजून जन्मले नाही आला.

शुभदा : त्यांच्या काळी असेलही तसं. पण प्रत्येक रुपयाला भोक आहे हो. सगळ्या दारव्ह्यात कोणी घ्यायचं नाही. मी तरी ही पुढे कुणाला देऊ?

धुरपताबाई : भोक त पडनच. कांचळीवर शिवले होते. काल बसून एकेक उसवला.

शुभदा : कांचळी म्हणजे तुमच्या तांड्यातल्या बायका घालतात ती आरशांची चोळी ना? तिची नाणी काढलीत?

धुरपताबाई : माह्या वर्षाच्या लग्नासाठी होती. ते पाळण्यात होती तवापासून लावून राह्यली होती मी. पोरगी शिकली, नवरदेव पुण्याले कंपनीत हाये. म्हणे, हे घालून गेली त लोक हासतील. बरं, कापूस इकून काही आणावं त भाव नाही. घरात गंजी पडून हाये, व्यापारी हात लावत नाही. तुमच्या काचंत हा चमकीचा ब्लाउज पाह्यला. जरासेच कमी पडून राह्यले होते.

शुभदा : तिला सांगितलंत हे?

धुरपताबाई : नाही. ते बाजूच्या दुकानात बांगड्या पाहून राह्यली. आली त तुमी काही बोलू नका ताई.

वर्षा : याडी, काय झालं? बाहेर आवाज येऊन राह्यला तुहा.

धुरपताबाई : काही नाही. तू जाय, बांगड्या पाह्य.

वर्षा : ताई, माह्या मायचे पैसे काहून नाही घेत तुमी?

शुभदा : तुझ्या आईशीच बोलतेय मी. नाणी तेवढी नकोत म्हटलं.

वर्षा : असं नाही म्हणता येत. चालतं नाणं घ्यावंच लागते दुकानदाराले, नाही घेतलं त राजद्रोह. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलं होतं, कलमासकट. का तांड्यावरून आलो म्हणून नाही म्हणता?

शुभदा : असलं मनातही आणू नकोस बाळा. आणि ग्रुपवर काय, काहीही येतं. माझे यजमान कोर्टात होते नोकरीला, त्यांनाच विचारलं होतं मी. कुणाचं देणं फेडायचं असेल तर गोष्ट वेगळी. इथे अजून खरेदीच झाली नाही. काय घेऊन विकायचं ते दुकानदार ठरवतो. मी नको म्हटलं तर फार तर गिऱ्हाईक जाईल. राजद्रोह कसला त्यात?

वर्षा : मंग चाला पोलीस ठाण्यात. तिथं सांगा हे.

धुरपताबाई : वर्षा, चूप बस.

वर्षा : काहून चूप बसू? तू बसलीच ना जिंदगीभर. कापूस मोजतानी चूप, बाजारात चूप. पैसा हाये हा, गोटे नाही. हा घ्या, हा रुपया. काय खोट हाये याच्यात, सांगा बरं मले!

(वर्षा हातातलं नाणं फिरवून पाहते.)

वर्षा : याडी, हे भोक कायचं?

धुरपताबाई : जुनं नाणं हाये. असते कधी कधी.

वर्षा : लाल धागा अडकून हाये याच्यात.

धुरपताबाई : तुले नव्हती ना पाह्यजे ते.

वर्षा : सगळे काढले?

धुरपताबाई : सगळे.

वर्षा : मी घालणार होती ते, याडी.

धुरपताबाई : तू त हासली होती. म्हणली, पुण्याचे लोक मले नाटकवाली समजतीन.

वर्षा : हासली होती. पण तू कापूस वेचायले गेली की घालून पाहत होती मी. आरशात पाठ दिसे ना, त बिजलीकाकीले बोलवून विचारत होती.

धुरपताबाई : बिजली बोलली नाही मले.

वर्षा : मीच शपथ घातली होती तिले. लग्नाच्या दिवशी एकदम तुह्यासमोर याचं होतं.

शुभदा : अगं, मग अजून काय बिघडलंय? परत शिवा ना मावशी. सुईदोरा मी देते.

धुरपताबाई : कापड माह्या मायच्या हातचं होतं ताई. इरलं होतं. टाके ओढता ओढता पार चिरलं.

वर्षा : चिरू दे. मी तशीच घालतो. चाल घरी.

शुभदा : मावशी, ब्लाउजही न्या. पैसे राहू द्या. माझ्याकडून समजा.

धुरपताबाई : नका ताई, फुकट नाही पाह्यजे.

वर्षा : याडी, म्हणलं ना मी, तशीच घालतो. चाल.

धुरपताबाई : नाही माय. फाटकं घालून लेक सासरी धाडत नसते. ताई, या नोटायमंधी बसते असा एखादा दाखवा. चमकी नसली तरी चालते.