जुना फ्यूज

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, दवाखान्यात माझ्यापुढे स्तोयांकाबाई आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या रुमियानाबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"गच्चीवर सोलर बसवायला सगळ्या बिल्डिंगनं सह्या केल्या, स्तोयांका. तूच अडून बसलीस."

"कोळशाच्या विजेत काय वाईट आहे?"

"कोळसा जाळून हवा इतकी तापलीय की ऑक्टोबरात घामानं भिजलीयस, आणि मला विचारतेस?"

"बरं. पण सोलरबरोबर वायरिंगही नवं करणार म्हणे."

"करायलाच हवं! सगळ्यांनी एकदम विजेच्या शेगडीवर हिवाळ्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की माझा फ्यूज उडतो."

"म्हणून तर तू माझ्याकडे भाजायला येतेस."

"आता आपापल्या घरी भाजू की."

"तेच म्हणतेय मी."

"...वेडी आहेस गं. कर सही."

"करते. पण एक फ्यूज जुनाच ठेवायचा."

"कुणाचा?"

"तुझा."