न भेटलेलं औषध

अतिदक्षता विभागाबाहेर माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजय सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात कामाला होती. आत तिचा नवरा होता.

“वहिनी, दादाच्या पायाला नुसतं खरचटलं होतं गं. इतकी औषधं झाली, तरी ताप हटत कसा नाही?”

“डॉक्टर म्हणाले, हा जंतू औषधांना ओळखतो.”

“ओळखतो? माणूस आहे का तो?”

“आधी भेटलाय ना त्यांना. आपण गोळी घेतो, तिच्यातलं बरंच औषध लघवीतून बाहेर पडतं. ते येतं आमच्या टाकीत. तिथे जंतूंचं आणि त्याचं रोजचं उठणं-बसणं. कच्चे असतात ते मरतात. उरलेले शिकून शहाणे होतात.”

“मग तुम्ही तिथे करता काय?”

“घाण काढतो. पण औषध काढायचं तर पाण्यात ओझोन सोडावा लागतो, ते कोळशाच्या थरातून गाळावं लागतं. ती यंत्रं अजून बसायचीत.”

“तोवर ते पाणी?”

“नदीत जातं.”

“अगं, दादा तर रोज नदीत पोहायला…”

“नको ना बोलूस.”

दार उघडलं. नर्स म्हणाली, “नवीन औषध लागू पडलं बघा. ताप उतरतोय.”

“ऐकलंस, वहिनी? हे औषध त्या मेल्याला ठाऊकच नव्हतं! वाचला गं दादा… अगं, आता तरी हस की.”

“हेही उद्यापासून आमच्या टाकीत येईल.”